ओळखीची खूण

आप्पा गेले त्याच्या पुढच्या महिन्यात काकूची फॅमिली पेन्शन सुरू करण्यासाठी आम्ही बँकेत बसलो होतो. काकू, चुलतभाऊ आणि मी. टेबलावर मृत्यूचा दाखला, काकूचं आधार कार्ड, पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या हुकमाची, मऊ पडलेली प्रत आणि आप्पांचं फौजेतलं डिस्चार्ज बुक. त्याला आप्पांनी खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, वर बॉलपेननं ‘जपून’ एवढंच लिहिलेलं. क्लार्क पोरगेलासा होता पण चांगला होता, त्यानं आधी काकूला पाणी दिलं. मग एकेक पान उलटत, कागदावर खुणा करत चालला. ‘‘जिल्हा उस्मानाबाद कसा काय? तुम्ही औशाचे ना?’’ भावानं सांगितलं, की लातूर जिल्हा १९८२ चा, आप्पा भरती झाले तेव्हा औसा उस्मानाबादेत होतं. ‘‘आणि आता तेही धाराशिव झालं,’’ असं स्वतःशीच बोलून क्लार्क पुढं सरकला. एका रकान्यापाशी थांबून त्यानं मोठ्यानं वाचलं, ‘‘आयडेंटिफिकेशन मार्क. कट स्कार ओव्हर लेफ्ट आयब्रो.’’ पान भरतीच्या वेळचं होतं. साल १९६३.

म्हणजे बंदूक हातात यायच्या आधीच ती खूण कपाळावर होती.

आप्पांना ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यातलं काय टोचलं ते लगेच कळेल. डाव्या भुवईचं बाहेरचं टोक त्या व्रणानं तोडलेलं होतं, तिथं केस उगवत नसत, आणि उन्हातून आले की तेवढी चीर पांढरी दिसे. औशात शाळेतल्या पोरांपासून किल्ल्याकडच्या पानटपरीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, की एकाहत्तरच्या लढाईत गोळी चाटून गेली. कुणाच्या सांगण्यात ती गोळी असे, कुणाच्या बाँबचा तुकडा. एका मुख्याध्यापकांनी तर झेंडावंदनाच्या भाषणात शत्रूशी झटापट लावून दिली होती, संगिनीसकट. आप्पा तेव्हा बाजूच्या खुर्चीवर पदकं लावून ताठ बसलेले. दहाव्याला चौकात लागलेल्या फ्लेक्सवर मागं रणगाडा, वर तिरंगा, आणि फ्लेक्सवाल्या पोरानं फोटोतला व्रण जरा गडदच करून दिलेला. घरातली आम्ही लेकरंही हेच ऐकत मोठी झालो. माझ्या चौथीतल्या निबंधात ती गोळी आहे, आणि त्या निबंधाला बक्षीसही आहे.

आप्पांनी स्वतः तोंडानं असं काही सांगितल्याचं मात्र मला आठवत नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘‘लागलं होतं कवातरी.’’ बास. पण नाकारलंही कधी नाही, आणि मला टोचत राहिलं ते हे. दुकानदारानं चुकून रुपया जास्त दिला तर उन्हात माघारी जाऊन तो देऊन येणारा हा माणूस. एवढी मोठी गोष्ट लोकांनी त्यांच्या कपाळावर चिकटवली आणि ते गप्प बसले? बरं, मिरवण्याची हौस म्हणावी तर तीही नाही. शाळेत बोलायला उभे राहिले की पोरं रणगाड्याची वाट बघत बसलेली, आणि आप्पा नखं कापायला सांगत. पायमोजे रोज धुवा. बुटाची नाडी दुहेरी गाठीनं बांधा. पाणी पिऊन ग्लास पालथा ठेवा. पाच मिनिटांत भाषण संपलं, की खाली उतरून शाळेच्या पाण्याच्या टाकीकडं चक्कर मारायचे.

त्यांचा जन्म नेमका कधीचा ते कुणालाच माहीत नव्हतं. आजी म्हणायची, रझाकाराच्या वक्ताला ते कडेवरून उतरून पळायला लागलेले. म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात तीनेक वर्षांचे धरा. त्यावरून भरतीच्या बाबूनं एक तारीख टाकून दिली आणि पुढं पेन्शनपर्यंत तीच चालली. त्यांच्या बापाच्या जमिनीचे कागद उर्दूत होते. निजामाच्या राज्यात जन्म, शाळेत गेले हैदराबाद स्टेटात, मिसरूड फुटेपर्यंत द्विभाषिक मुंबई राज्य येऊन महाराष्ट्रही झाला. घर तेच, एका इंचानं हललं नाही. बासष्टच्या चीनच्या लढाईनंतर सैन्यात भरती वाढली, तेव्हा गावातले चौघे मिळून गेले आणि त्यातले दोघे घेतले गेले. आप्पा खडकीला, बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीत. लोक सगळ्याच फौजींना मेजर म्हणतात, पण आप्पा हवालदार म्हणून निवृत्त झाले, आणि त्यांना कुणी मेजर म्हटलं की ते ‘हवालदार’ असं दुरुस्त करत. रँक दुरुस्त करायचे, व्रण नाही.

सॅपरचं काम काय असतं ते मला फार उशिरा कळलं. लहानपणी आम्हाला वाटायचं फौजी म्हणजे गोळ्या झाडणारा. आप्पांच्या बोलण्यात पूल असत. बेली ब्रिज. दहा फुटी लोखंडी पॅनल, सहा जणांनी उचलायचं, पॅनलला पॅनल पिनेनं जोडायचं आणि सगळा सांगाडा या काठावरूनच रोलरवर ढकलत त्या काठाला न्यायचा. पुढचं टोक मुद्दाम हलकं ठेवायचं, मागं वजन, नाहीतर निम्म्यातच नदीत जातंय. हे सांगताना ते ताटातल्या भाकरीचे तुकडे ओळीनं मांडून वाटीवरून पुढं सरकवत, आणि काकू ओरडायची, अन्न हाय ते. सहा जणांत एकानं जरी लवकर सोडलं तर बाकीच्या पाचांचे पाय जातात, हे मात्र ते प्रत्येक वेळी सांगत. त्यांच्या पलटणीच्या लोकांचा देव म्हणजे राणेसाहेब, १९४८ साली नौशेऱ्याहून राजौरीकडं जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत रणगाड्यांना वाट करून देणारे, जिवंतपणी परमवीरचक्र मिळालेले रामा राघोबा राणे. त्यांचा फोटो आप्पांच्या ट्रंकेत झाकणाच्या आतून चिकटवलेला होता. ट्रंक काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सुट्टीवर येताना कुर्डुवाडीला उतरायचे आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीनं लातूर गाठायचे, ट्रंक डोक्यावर. रूळ पुढं रुंद झाले, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती याच अंगानं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आप्पा ती बघायला मुद्दाम लातूरला गेले होते. येऊन एवढंच म्हणाले, ‘‘ह्या रुळावरनं मी दूध पावडरीचे डबे आणायचो.’’

एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिमेला होते, पंजाबात. त्यांच्या तोंडून लढाई म्हणून जे ऐकलं ते बहुतेक लढाई थांबल्यानंतरचं आहे. पश्चिम आघाडीवर १७ डिसेंबरला रात्री आठला युद्धबंदी झाली. त्या दिवशी अमावस्या होती, मार्गशीर्षातली. म्हणजे आमच्याकडं येळवस. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या माणसाला ही काय चीज आहे ते सांगून कळत नाही. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची खोप, तिच्यात पाच पांडव, मडक्यात आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे आणि पंधरा-वीस भाज्या-शेंगांची ती घट्ट भज्जी. कलेक्टर सुट्टी देतो. आप्पा खंदकात बसून बोटांवर तिथी मोजत होते. आठ वाजले, तोफा बंद झाल्या, वर चंद्र नाही, आणि निलंग्याकडचा एक जवान शेजारून म्हणाला, आत्ता घरी खोपीपुढचा दिवा इझला आसंल. मग दोघांनी मिळून भज्जीत काय काय पडतं त्याची यादी केली. वाटाणा, तुरीचे दाणे, हरभरा, मेथी, कांद्याची पात, चिंच. चिंच आधी की बेसन आधी यावर वाद झाला. आप्पांच्या लढाईतला हा प्रसंग मी निदान पाच-सहा येळवशींना ऐकलाय, आणि दरवेळी वाद चिंचेपाशीच येऊन अडकायचा.

त्यानंतर सुरुंग. आपल्याच फौजेनं सीमेवरच्या शेतांतून पेरलेले, आणि आता आपणच काढायचे. पालथं पडून, हातभर लांब सळई तिरकी धरून माती टोचत जायचं. सरळ टोचली तर सुरुंगाच्या डोक्यावरच बसते. काही कडक लागलं की थांबायचं, बोटांनी माती सारायची. झालेल्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पांढरी फीत. नकाशा असतो, पण पाऊस पडला की सुरुंग सरकतात आणि नकाशा खोटा ठरतो. ‘‘पेरणी एका राती, काढणी सा म्हैने,’’ आप्पा म्हणायचे. त्या काढणीत त्यांच्या तुकडीतल्या एकाचा पाय गेला. त्याचं नाव ते कधी घेत नसत, पण त्याच्या घरी दर दिवाळीला मनिऑर्डर जायची, हे त्या पावत्या सापडल्यावर आम्हाला आत्ता कळलं. तिकडं हे चाललेलं आणि इकडं बहात्तरचा दुष्काळ पडलेला. माझे वडील आणि आत्या खडी फोडायला जायचे, मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खायचे. आप्पांच्या मनिऑर्डरच्या खालच्या तुकड्यावर दोनच वाक्यं असत. ‘मी खुशाल आहे. बैल विकू नका.’ आजोबांनी बैल विकले. आप्पा सुट्टीवर आले, रिकाम्या दावणीकडं बघितलं, आणि म्हणे आजोबांशी ती सुट्टी संपेपर्यंत बोलले नाहीत.

हा त्यांचा अबोला फार वाईट होता, तो लपवून काय उपयोग. १९८३ ला घरी आले ते पलटण सोबत घेऊनच. पाचला उठणं, दाढी, अंथरुणाच्या चारी कोपऱ्यांच्या घड्या सारख्या. काकूनं वीस वर्षं एकटीनं चालवलेल्या घरात येऊन त्यांनी तिची डब्यांची मांडणी बदलली आणि काकूनं दुसऱ्या दिवशी ती होती तशी परत लावली. आठवडाभर हे चाललं म्हणतात. शेवटी आप्पा हरले, आणि ती हार त्यांनी पाळली. पोरींवर मात्र त्यांचा जीव. तिन्ही बहिणींना त्यांनी स्वतः सायकल शिकवली, कॅरिअरला धरून पळत, भर चौकातून, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. भाऊ भरतीला गेला आणि धावण्यात बाद झाला, तेव्हा हाच माणूस त्याच्याशी जवळपास वर्षभर बोलला नाही. ताटाला ताट लावून जेवायचे, पण ‘मीठ दे’ हेही काकूमार्फत. भाऊ आज पन्नाशीत आहे, लातुरात मोटर रिवाइंडिंगचं चांगलं दुकान आहे, आणि अजून ते वर्ष निघालं की उठून बाहेर जातो. आप्पांनीच त्याला ते दुकान टाकून दिलं, बँकेतल्या गार्डच्या नोकरीतून साठवलेल्या पैशांवर. दुनळी खांद्याला लावून ते बँकेच्या दारात उभे राहत, रोज औसा-लातूर एसटीनं जाऊन-येऊन. पण त्या वर्षाबद्दल ते भावाजवळ कधी काही बोलले नाहीत. मी याचा हिशोब लावायचा सोडून दिलाय. मायाही खरी होती आणि ते वर्षही.

निवृत्तीनंतर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम दोन-चार रबरी वायसर असत आणि एक छोटा पाना. कुणाच्या घरी चहाला गेले आणि नळ थेंबथेंब गळताना दिसला, की चहा येईपर्यंत नळ दुरुस्त. नळाला पाणी येत नसे त्या काळातही. टँकर आला की गल्लीत घागरींची रांग तेच लावत, आणि भांडणाऱ्या बायका त्यांच्यापुढं गप्प होत, कारण ते स्वतःच्या घरची घागर सगळ्यांत शेवटी ठेवत. काकू यावर चिडायची. खूपदा तिची घागर येईपर्यंत टँकर रिकामा झालेला असायचा.

भूकंपाच्या वेळी किल्लारीला गेल्याचं त्यांनी आम्हाला धड कधी सांगितलं नाही, ते दुसऱ्यांकडूनच समजलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. औशातही माणसं रस्त्यावर आली. उजाडायच्या आधी आप्पा एका ट्रकमध्ये चढून गेले, सोबत टिकाव, पहार आणि काकूचं जुनं पांढरं लुगडं. त्याबद्दल सांगतात ते माझे एक शिक्षक, तेव्हा कॉलेजात होते आणि त्याच ट्रकमध्ये होते. माळवदाची घरं बसलेली, दोन-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती जागेवरच ढासळलेल्या. पोरं टिकाव घेऊन सुटली होती. आप्पांनी ओरडून थांबवलं. टिकाव मारू नका, खाली माणूस हाय. दगड वरनं काढा, एकेक, हातानं, आन् मागच्याकडं द्या. दर थोड्या वेळानं सगळ्यांना गप्प करून जमिनीला कान लावायचे. बघून झालेल्या घराला लुगड्याची पट्टी फाडून बांधायचे, म्हणजे दुसऱ्यांनी तिथं पुन्हा वेळ घालवू नये. मग पाऊस सुरू झाला. फौज आली तेव्हा एका सुभेदारानं त्या पट्ट्या बघून विचारलं, इथं सॅपर कोण आहे. आप्पा चार दिवसांनी घरी आले, अंघोळ केली आणि अंगणात बाज टाकून झोपले. पुढं कितीतरी महिने अख्खा तालुकाच घराबाहेर झोपत होता, त्यामुळं त्यात कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

तर तो व्रण. बँकेतून आल्यावर मी आधी थोरल्या आत्याला फोन केला. ती आप्पांहून मोठी, ऐकायला कमी येतं, पण सांगायला नाही. म्हणाली, ‘‘मीच हाणला की इळा. चिंचंवरनं भांडण झालतं. लै रगत आलं, बाबानं मला मारलं.’’ दोन दिवसांनी तिनंच फोन केला, की इळा नव्हता, बैलानं शिंग मारलं होतं, इळा धाकट्याला लागला होता. धाकटा म्हणजे माझे वडील. त्यांच्या कपाळावर काहीही नाही. मग मी काकूकडं गेलो. काकू तांदूळ निवडत बसली होती. बँकेत तो रकाना वाचला गेला तेव्हा आम्ही दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो आणि काकू मात्र पिशवीत चष्मा शोधत होती, हे मला तेव्हाच जाणवलं होतं.

‘‘तुला ठाऊक होतं?’’

‘‘लगनातच इचारलं मी. गोट्या खेळताना पायरीवर पडलो म्हणले.’’

‘‘मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?’’

‘‘मला कुणी इचारलंय कवा? समदे मलाच सांगत व्हते.’’

सूप थोडं हलवून, खडे बाजूला काढत ती पुढं बोलली. एकदा झेंडावंदनावरून आल्यावर तिनं आप्पांना म्हटलं होतं, की लोक काहीबाही बोलतात, तुम्ही खरं ते सांगत का नाही. आप्पा बुटाची नाडी सोडत होते. म्हणाले, ‘‘काय सांगू? सुरुंग काढले म्हणून? तिथं नेऊन दाखवलं तरी रान दिसंल, गहू दिसंल. काढल्या जागी काईच नसतंय. लोकायला काईतर बघाया लागतंय, बघू दे.’’ हे बोलताना ते रागात होते की हसत होते, असं मी विचारलं. काकू म्हणाली, त्यांना भूक लागली होती.

या उत्तरानं माझं पूर्ण समाधान झालं असं नाही. वाटतं, थोडंसं आवडतही असेल त्यांना. ताठ बसून, पदकं लावून, पोरांच्या डोळ्यांतलं ते कौतुक. माणूस होते. भाऊ म्हणतो, मी नापास झालो तेव्हा मला खरं सांगितलं असतं ना, की माझ्या कपाळावरचं हे गोट्यांचं आहे, तर बरं वाटलं असतं. मी त्यावर काही बोललो नाही.

मध्यंतरी शाळेतून फोन आला. व्हरांड्यात तालुक्यातल्या माजी सैनिकांचा फलक करायचाय, आप्पांची माहिती पाठवा. मी लिहून पाठवलं: हवालदार, बॉम्बे सॅपर्स, खडकी. सेवा १९६३ ते १९८३. पूल बांधणी, सुरुंग काढणे. सरांचा लगेच फोन. ‘‘अहो, गोळीचं राहिलं की. मेन तेच आहे.’’ स्पीकर चालू होता. मी शब्द जुळवत होतो तोवर काकूनं हात पुढं करून फोन घेतला.

‘‘सर, गोळी-बिळी काई न्हाई. लिहायचंच आसंल तर लिहा, शाळंच्या टाकीला नळ त्यांनी बसिवला व्हता, सोताच्या पैशानं. आन् परवा मी तिकडनं आले तर गळूलालाय त्यो. तेवढं वायसर बदलून घ्या आधी, फलक मागनं करा.’’